पांढरा धागा

पुणे, ता. ९ सप्टेंबर २०२४

ती. आईले समीक्षाचा सा. न. वि. वि.

फोन केला का बाबा स्पीकर लावतात, मग दुकानातलं गिऱ्हाईकही माझी तब्येत ऐकते. म्हणून पत्र. हसू नको.

प्रयोग जमला. पोळ्याले सांगतलं होतं ना, आम्ही लॅबमध्ये बनवलेलं पॉलिमर? पट्टीच्या कापडावर चढवतो, जंतू टेकला का फुटते. चोवीस तासांत एकही वाचला नाई. सरांनी पहिल्यांदा माझं नाव न चुकता घेतलं! आता ते माणसाले चालते का, हे पाहणं बाकी आहे. रक्तावर, चामडीवर. त्याले वेळ लागते.

तुह्या पायाची जखम कशी आहे? साखर आहे तुले, पट्टी रोज दवाखान्यातच करजो. जिलबी बंद. रागावली तरी लोभ ठेवजो.

तुझी समीक्षा

हिंगणघाट, ता. १७ सप्टेंबर

चि. समीक्षाले आईचे अ. उ. आ.

तुहं पत्र तीनदा वाचलं. एकही वाचला नाई! मग आता सांगून टाकतो. पोळ्याले तू आंघोळीले गेलती, तवा तुह्या बॅगेतल्या स्टीलच्या डब्यातून दोन पट्ट्या मी काढल्या. पोरगी जगासाठी औषध करून राह्यली, अन् आईनं काऊन लायनीत उभं राहावं? नर्सबाई चार लोकांत ओरडते, जिलबी किती खाल्ली म्हणून. तिच्याकडे जाणं सोडलं. दवाखान्यात जातो सांगून शेजारच्या अनुसयाबाईकडे बसतो. तुह्या बाबाले माहीत नाई.

एक पट्टी धुतो, दुसरी बांधतो. ठणका पार गेला. टोचलं तरी समजत नाई. मोठी शास्त्रज्ञीण झाली तरी वेळेवर जेवत जाजो. माया आहेच.

तुझी आई

पुणे, ता. २१ सप्टेंबर

ती. आईले,

नमस्कार नंतर. पट्टी काढ. गोपालमामाले फोन केला, हे पत्र पोचेस्तोवर त्यानं तुले दवाखान्यात नेलं असन. टोचलेलं समजत नाई म्हणजे पाय बरा नाई, मुका झाला.

परवा माह्याच रक्तात ते पॉलिमर टाकलं. पेशी फुटल्या, नळीतलं पाणी लालभडक. नवी सुती साडी भिजवल्यावर तू म्हणते ना, रंग सुटला, तसं. जे जंतूले मारते ते आपल्यालेही सोडत नाई. सरांनी काम थांबवलं. आणि डबा घरी आणायलेच नको होता, ती चूक माझी.

एकच सांग. मी तुह्या मशीनवर पट्ट्यांच्या कोपऱ्यात धागे घालत होती, तू पाहिलं. लाल धागा म्हणजे पॉलिमरवाली. पांढरा म्हणजे साधं कापड, बिना औषधाचं, तुलना कराले ठेवलेलं. तुह्या पट्टीले कोणता होता? स्पीकरवर विचारता येत नाई.

समीक्षा

हिंगणघाट, ता. २० ऑक्टोबर

चि. समीक्षाले आईचे आशीर्वाद, घेशील तर.

तू आली, आठ दिवस पायाशी बसली. बाबा खुर्चीवरून हलले नाई, म्हणून तू विचारलं नाई अन् मी सांगतलं नाई. दोन बोटं तर गेलीच होती.

धागा पांढरा होता. दोन्ही पट्ट्यांले. वीस दिवस मी साधं फडकं बांधून होती, अन् समोरच्या दीपमालाले सांगत होती, माह्या पोरीचं औषध आहे, ठणका थांबला.

तुहं मागचं पत्र मी दवाखान्यात असताना बाबानं फोडलं. लाल-पांढरं त्याइले समजलं. तेव्हापासून दुकानात येईल त्याले सांगतात, पोरीनंच पट्टी देली, पोरीच्या औषधानं बायकोची बोटं खाल्ली. खरं तोंडावर येते. पण साधं कापड होतं म्हटलं, तर विचारतील, मग रोज दवाखान्यात म्हणून कुठं जात होती? तुले तिकडं दुरून दोन शिव्या. मले याच घरात राहाचं आहे, आठ बोटांवर.

मी घरी आली त्या दिवशी बाबा म्हणे, दाखव पट्टी. मी म्हटलं, धुवून ठेवली आहे, सकाळी दाखवतो. तुहं लाल रीळ मशीनवरच राह्यलं होतं. पांढरा उसवला, लाल घातला. टाका तुह्यासारखाच आला, मीच शिकवला होता.

बाबा दिवाळीले तुह्याशी बोलणार नाई. तरी येजो. लोभ कमी झाला असन तर तसं लिहू नको.

तुझी आई