आणि डुकरीण कुठंय?

सॉमरसेट, मे १९७४

प्रिय जिली,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुला पहिली शंका आली असणार की आई आता बाबांची वकिली करायला लागली. आली ना? माझीच लेक तू, येणारच. पण फोनवर त्यांचं नाव काढलं की तू रिसीव्हर आपटतेस, आणि मागाहून तुझा बिचारा नवरा ॲलिस्टर 'ती जरा दमलीय' म्हणून सारवासारव करतो. म्हणून लिहायला बसले. पत्र मध्येच तोडता येत नाही, फार तर शेगडीत टाकता येतं. ते शेवटपर्यंत वाचून झाल्यावर टाक.

मी काही विसरलेले नाही, हे आधी सांगते. फेब्रुवारीत तुझं बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. हॉस्पिटलातून तू घरी फोन केलास, मी नेमकी चर्चमध्ये फुलं लावायला गेलेली, आणि फोन बाबांनी घेतला. तू त्यांना सगळं सांगितलंस. आणि त्यांनी काय उत्तर दिलं? 'काय सांगता! आणि डुकरीण कुठंय?' वर हसले. रात्री ॲलिस्टरने मला हे सांगितलं तेव्हा मी जिन्यात खालीच बसले. मग मनात आलं, करतील, हा माणूस असंही करेल.

कारण ती ओळ त्यांनी कुठे म्हणून सोडली होती? तुझ्या जन्माच्या वर्षी सुगीच्या जेवणात पहिल्यांदा गायले ते. तेव्हा ते दिवसभर विलोच्या फांद्या सोलून टोपल्या विणायचे आणि रात्री अकॉर्डियन छळायचे. पाद्रीसाहेबांची डुकरीण रविवारचं प्रवचन खाऊन पळाली, त्यावर गाणं, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी हीच ओळ. खुद्द पाद्रीसाहेब टेबलावर डोकं टेकून हसत होते. पुढे स्टॅन व्हाऊल्स आपला मोठा पितळी भोंगा घेऊन यांच्या डाव्या बाजूला येऊन बसला तो आजतागायत उठला नाही. मग रेकॉर्ड निघाली, मग ब्रिस्टलहून टेलिव्हिजनवाले आले आणि यांच्या तोंडात गवताची काडी खुपसली. उभ्या आयुष्यात या माणसाने काडी चघळली नव्हती! लंडनचा एक मॅनेजर म्हणाला, 'पर्सी, जरा अजून गावठी बोल.' आपण जसे बोलतो त्याहून गावठी कसं बोलायचं, हे त्याला कोणी विचारलं नाही. मला तो मॅनेजर पहिल्या दिवसापासून पटला नव्हता. वेस्टनच्या समुद्रकाठी उन्हाळाभर कार्यक्रम असायचे तेव्हा पुढच्या रांगेतल्या पोरीही पटल्या नव्हत्या. तुझे बाबा म्हणायचे, 'थर्झा, तू स्वर्गात गेलीस तरी आधी दाराची कडी तपासशील.'

पण तुझं काय झालं ते मला दिसत होतं. शाळेत पोरं तुझ्यामागे 'डुकरीण कुठंय' ओरडत यायची. तुझ्या लग्नात, तिकडे डंडीला, सासरचे सगळे गंभीर तोंडं करून बसलेले, आणि यांनी उभं राहून तेच म्हटलं. तू हसलीस, पण तुझे कान लाल झाले होते. सगळ्या जन्मात एकदा तरी बापाने सरळ बोलावं, एवढीच तुझी अपेक्षा, आणि त्या फोनवर तीही गेली. माझं काळीज तुटलं गं.

म्हणून मी त्यांच्याशी अबोला धरला. भांडले नाही, कारण भांडले असते तर घरातली भांडी शिल्लक राहिली नसती. ताट पुढे ठेवायचं आणि तोंड फिरवायचं. म्हटलं, कधीतरी विचारतील ना, काय झालं म्हणून? महिना झाला जिली, आणि त्या माणसाच्या लक्षातसुद्धा आलं नाही! टोस्टला मुरंबा लावायचे, पाय हलवायचे, आणि 'आज छान गप्पा झाल्या, नाही?' असं तोंड करून माझ्याकडे बघायचे. म्हटलं, काय हा कोडगेपणा.

मग मला दुसराच वास यायला लागला. दर गुरुवारी दुपारी गायब. अबोला मोडून पाठमोऱ्या त्यांना कुठे जाता म्हटलं तर उत्तर नाही. मी फोनकडे वळले की उठून परसात जायचे. रात्री अंथरुणात काही विचारलं तर झोपेचं सोंग. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे दिवसाउजेडी माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचे. लग्नाआधीसुद्धा इतकं बघितलं नव्हतं त्यांनी! माणूस असा बघायला लागला की समजावं, काहीतरी लपवतोय. त्यात गुणगुणायचे, तेही बेसूर. तुझे बाबा आणि बेसूर! माझ्या डोक्यात एकच नाव आलं. 'तीन बगळे' पबची मालकीण, डोरीन पडी. विधवा, दंड उघडे, आणि यांच्या प्रत्येक गाण्याला इतरांच्या आधी हसणारी.

एप्रिलमध्ये तरुण शेतकऱ्यांच्या संघाचं जेवण होतं, तिथे मी मुद्दाम गेले. मागे खांबाआड बसले. तुला ठाऊक आहे, हशा पिकला की बाबा कसे थांबायचे. दूध उतू जायच्या बेताला आपण थांबतो ना, तसे. ओसरायच्या नेमक्या आधी पुढची ओळ टाकायचे. त्या दिवशी लोक हसत असतानाच पुढचं सुरू करत होते, अर्धी गंमत वाया. मग मध्येच बूट काढले आणि मोज्यांवर उभे राहिले. लोक लोटपोट. मी मोजे बघितले, नवे कोरे होते, मी विणलेले नव्हते. आणि प्रत्येक कडव्यानंतर स्टॅन व्हाऊल्स त्यांना मान हलवून खूण करत होता. मी मनात म्हटलं, बघा, हाही सामील. बायको आलीय का, कुठे बघतेय, सगळं त्याला सांगतोय. डोरीन पहिल्या रांगेत होती हे वेगळं सांगायला नकोच.

काल गुरुवार होता. त्यांच्यामागे शंभरेक पावलं ठेवून मी छत्री घेऊन निघाले. कालव्याच्या बांधावरून ते सरळ गेले ते डोरीनच्या भावाच्या विलोच्या वखारीत. मागची शेड. मी दारात उभी राहिले. बाबा माझ्याकडे पाठ करून बुटक्या स्टुलावर बसले होते, मांडीत काहीतरी होतं, आणि हात चालू होते. मी म्हटलं, 'पर्सी!' काही नाही. 'पर्सी चेडझॉय, लाज वाटते का?' काही नाही. मग तुला सांगायला हरकत नाही, मी असे शब्द वापरले जे चर्चची फुलं लावणाऱ्या बाईने वापरू नयेत. शेवटी छत्री पत्र्याच्या बादलीवर हाणली. कोपऱ्यातलं कुत्रं उठून पळालं, पण हे गृहस्थ जागचे हलले नाहीत.

मागून डोरीन आली, हात पुसत. म्हणाली, 'कशाला घसा फोडतेस थर्झा? गेल्या उन्हाळ्यापासून त्याला तोफ ऐकू येत नाही. मला वाटलं तुला माहीत असेल. तू बायको ना त्याची?' हे मला डोरीन पडीकडून ऐकावं लागलं! तेवढ्यात माझी सावली कामावर पडली, बाबांनी मान वळवली, आणि घाईघाईने मांडीतल्या वस्तूवर गोणपाट टाकलं.

आता तू म्हणशील, आई एवढ्यावर विरघळली. नाही हं! मी कोण आहे? मला वाटलं, सोंग असेल, अंगाशी आलं म्हणून बहिरे झाले. घरी आल्यावर ते चहा पीत होते, मी त्यांच्या पाठीमागे उभी राहून साध्या आवाजात म्हटलं, 'छपराला आग लागलीय.' घोट घेतला. म्हटलं, 'स्टॅन मेला.' बिस्कीट बुडवलं. म्हटलं, 'म्हाताऱ्या, तुझी डुकरीण मला कधीच आवडली नाही, एकदासुद्धा नाही.' बिस्कीट तुटून कपात पडलं, त्याचंच दुःख करत बसले. मग मात्र माझा धीर सुटला. पुढे जाऊन बसले, दिव्यापाशी, आणि सावकाश विचारलं, 'का लपवलंत?' माझ्या ओठांकडे बघत म्हणाले, 'बहिऱ्या गवयाला कोण बोलावतं, थर्झा? लोक आले तर कीव करायला येतील. मला हसणारे हवेत.' बूट काढले होते ते स्टॅनचा भोंगा फळ्यांतून तळव्यांना लागावा म्हणून, त्यावर ताल धरतात. ते मोजे त्यासाठीच घेतलेले, पातळ. आणि स्टॅनची मान म्हणजे 'हशा संपला, आता म्हण'. पण त्या पठ्ठ्यालाही आता धड अंदाज येत नाही, त्याचेही कान गेलेत थोडे. तुला वाटेल आईने हे सगळं रचलं. मलाही वाटलं असतं. स्टॅनला फोन करून विचार, पण मोठ्याने बोल.

आता ते काय विणत होते ते. शेडमध्ये मी गोणपाट ओढलं तेव्हा माझी खात्री होती की खाली डोरीनची बाजाराची टोपली निघणार. पाळणा निघाला, जिली. सोललेल्या पांढऱ्या विलोचा. बाबा केवढ्यांदा तरी म्हणाले, 'पोरीला कळू देऊ नकोस हं! जुलैत ना? मी स्वतः नेणार आगगाडीने.' आणि मग जरा ओशाळून म्हणाले, 'फेब्रुवारीत तिचा फोन आला होता. घंटा टेबलातून हाताला लागली, म्हटलं तीच असणार, पण एक शब्द कळला नाही मला. म्हटलं हसेल तरी, म्हणून डुकरिणीचं बोललो. तेव्हापासून तिची काही खबर नाही. बरी आहे ना गं ती?' मी मान डोलावली. काय करणार होते? डोरीन दारात उभी, तिचा भाऊ अंगणात, माणसं फांद्या उतरवतायत. ती बातमी ओरडून कशी सांगू मी? घरी आल्यावर सगळं विचारलं त्यांना, पण हे माझ्या ओठांवर आलं नाही. एकदा कागद घेतला, पण दूधवाल्यासाठी ठेवतो तशी चिठ्ठी बापापुढे ठेवायची? तो कागद तुला लिहायला वापरला. त्यांना माहीतच नाही, जिली. त्यांच्या लेखी तुझं बाळ अजून यायचंय. मी त्यांना माफ कर म्हणून लिहीत नाही, माफ करण्यासारखं त्यांनी काही केलेलंच नाही. तू ये एवढंच म्हणते. उजेडाकडे तोंड करून हळू बोललं की त्यांना कळतं. तुला सांगणं जमलं नाही तर मी सांगेन, पण मला एकटीला ते होणार नाही. पाळण्याची वरची कड बांधायची राहिलीय, ती बांधायला ते येत्या गुरुवारी पुन्हा जाणार आहेत. त्याच्या आत ये.

तुझीच,
आई