माहेरचा पासपोर्ट

अम्मी,

तू मुंबईची नाहीस, दुबईची आहेस, हे मला कळलं तेव्हा मी जेवत होतो. एकोणीसशे साठ-एकसष्टचा सुमार असेल. मी दुबईहून सुट्टीवर रत्नागिरीला, खाडीकाठच्या आपल्या घरी आलो होतो. बाबांना जाऊन फार दिवस झाले नव्हते. स्वयंपाकघरात मी आणि चाचा समोरासमोर बसलो होतो आणि मी त्यांना माझं रडगाणं ऐकवत होतो. बर दुबई भागातल्या ज्या कापडाच्या पेढीत मी कारकून होतो ती शेठ बंद करून मुंबईला परत निघाला होता. त्याच्या जोरावरच मला तिथे राहायची परवानगी होती. शेठ गेला की मलाही गाशा गुंडाळावा लागणार, गावात नोकरी नाही, धाकट्या बहिणीचं लग्न नुकतंच झालेलं, घर चाचांच्या जिवावर चाललेलं. चाचा मान हलवत होते. तू बांगड्याचं कालवण वाढत होतीस, आणि वाढता वाढताच म्हणालीस, "तिथे माझा भाऊ आहे."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "कुठे?" मी विचारलं.

"दुबईला. मी तिथलीच. मी येते तुझ्यासोबत. तिथल्या बाईच्या पोराला तिथून कोण काढेल?"

मी चाचांकडे बघितलं. ते हसतील, निदान तुझ्यावर खेकसतील असं मला वाटत होतं. त्यांनी ताटातून मान वर केली नाही. "खरा हाय ता," ते म्हणाले. मग थांबत थांबत त्यांनी सांगितलं. तिकडे मोत्यांचा धंदा बसला होता, घराघरांत उपासमार होती. बाबा गलबतावरून तांदूळ घेऊन जायचे, खजूर घेऊन यायचे. एका फेरीला निकाह करून तुला घेऊन आले. दादीने त्याच दिवशी ठरवलं, गावात सांगायचं, मुंबईची आहे, यतीम आहे, आईबाप नाहीत. नाहीतर लोक म्हणतील, भुकेल्या घरातली पोर विकत आणली. घरात अरबी शब्द काढायचा नाही, पोरांशी तर मुळीच नाही. मी तोंड उघडं टाकून तुझ्याकडे बघत होतो. तू म्हणालीस, "तोंड मीट. भात गार झाली."

भात गार झाली. पाणी आला. भाकरी जळला. तुझी मराठी अशीच होती आणि आम्ही भावंडं त्यावर हसायचो. मुंबईच्या लोकांची भाषा अशीच बिघडलेली असते, असं दादी सांगायची आणि आम्हाला ते पटायचं. तू कमी बोलायचीस, भिंतीला लागून चालायचीस, पाहुणे आले की चुलीपाशी जाऊन बसायचीस. शाळेत कुणी विचारलं तर मी सांगायचो, माझी अम्मी अबोल आहे. त्या रात्री मी अंथरुणात पडून या सगळ्याचा नव्याने विचार करत होतो आणि काहीच जुळत नव्हतं. दुबईत मी दोन वर्षं राहून आलो होतो. तुला तिथल्या गमती सांगायचो, खाडी ओलांडणाऱ्या अब्रा नावाच्या होड्या, वारा घरात ओढून घेणारे मनोरे, गाढवावरून येणारं गोडं पाणी. तू ऐकून घ्यायचीस. एकदाही म्हणाली नाहीस की हे मला माहीत आहे.

तुझा पासपोर्ट काढायला चाचा मुंबईला सोबत आले. लग्न होऊन इकडे आलीस तेव्हा कुणी कागद मागितला नव्हता, गलबतात बसलीस आणि आलीस. आता आपल्या गावी परत जायला तुला भारताचा पासपोर्ट लागत होता. जहाजावर तू बाकीच्या बायकांत गप्प बसून होतीस, गावात असायचीस तशीच. दुबईला जहाज धक्क्याला लागायचं नाही, दूर समुद्रात उभं राहायचं आणि लाँच येऊन माणसं खाडीत न्यायची. आपली लाँच खाडीच्या तोंडाशी आली तेव्हा तू उठून उभी राहिलीस. मी म्हटलं, अम्मी, बस, पडशील. तू ऐकलं नाहीस. किनाऱ्यावर उतरताना एका हमालाने तुझी पेटी पाण्यात बुडवली, आणि माझ्या मागून एका बाईचा आवाज आला. खणखणीत, मोठा, पोटातून आलेला. ती बाई अरबीत त्या हमालाच्या सात पिढ्या काढत होती. आजूबाजूचे लोक हसायला लागले होते, हमालसुद्धा हसत हात जोडत होता. मी वळून बघितलं. ती तू होतीस.

मला आठवतं, मी तिथे वाळूत नुसता उभा आहे. तू पुढे चालली आहेस, भिंतीची गरज नसल्यासारखी रस्त्याच्या मधोमध. "यल्ला," चल लवकर, तू मला म्हणतेस. आजवर तू माझ्या मागून चालायचीस.

खाडीकाठच्या देरा भागात, मशिदीच्या मागच्या बोळात, तू वाट न चुकता गेलीस. जिथे तुझ्या आठवणीत झावळ्यांचं घर होतं तिथे आता दगडमातीच्या दोन खोल्या होत्या. दारात एक म्हातारा बसला होता. तू त्याच्यासमोर उभी राहून काहीतरी म्हणालीस. त्याने कानामागे हात धरला. तू वाकून त्याच्या दुसऱ्या कानाशी तेच पुन्हा म्हणालीस. तो एकदम उठला, मागे सरला आणि भिंतीला धरून राहिला. मला वाटलं, रागावला. मला तेव्हा बाजारापुरती अरबी येत होती. त्याच्या बोलण्यातला एकच शब्द मला पुन्हा पुन्हा कळत होता. मेली. ती मेली.

बाकीचं मला तिथल्या शेजाऱ्याने हिंदीत समजावलं. तो म्हातारा म्हणजे तुझा भाऊ, माझे मामू. ते लहानपणापासून मोत्यांसाठी बुड्या मारायचे, त्यात त्यांचा एक कान गेला होता. कोणत्या कानाशी बोलायचं हे फक्त घरच्यांना ठाऊक. म्हणून त्यांनी तुला ओळखलं, आणि म्हणूनच ते घाबरले. तुझं लग्न झाल्यावर दुसऱ्या वर्षी बाबांनी येऊन त्यांना सांगितलं होतं, बाळंतपणात तू गेलीस. तुझ्या आईने रीतीप्रमाणे तीन दिवसांचा शोक केला होता, शेजाऱ्यांनी जेवण आणून दिलं होतं. त्यानंतरही बाबा वर्षानुवर्षं दुबईला येत राहिले, त्याच खाडीत गलबत लावत राहिले.

"आणि बाबा तुला काय सांगायचे?" मी तुला विचारलं. तू ओट्यावर बसली होतीस. तुझा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता, त्यात काहीच नव्हतं. "सांगायचे, तुझी आठवण कुणी काढत नाही," तू म्हणालीस. "दर फेरीला मी विचारायची. दर फेरीला तेच."

बाबा मारकुटे नव्हते, व्यसनी नव्हते. जुम्म्याला मला खांद्यावर बसवून मशिदीत न्यायचे. त्या माणसाने हे का केलं, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. तुला परत पाठवायला लागेल म्हणून, की तुझ्या माहेरची माणसं दारात येऊन उभी राहतील म्हणून. चाचांना ठाऊक होतं का, हे विचारायची हिंमत मला झाली नाही. मामूंनी मला जवळ घेतलं, माझं तोंड दोन्ही हातांत धरून बघितलं आणि रडायला लागले. ज्या बाळंतपणात तू गेलीस असं त्यांना सांगितलं होतं, त्यातलं बाळ मीच होतो.

तिथल्या पासपोर्टच्या कामाला आपण दिवाणात, म्हणजे शेखच्या कचेरीत, गेलो तेव्हा मामूंनी साक्ष द्यायची होती. त्यांना बोलवेना. हाकिमाच्या समोर उभे राहून ते नुसते तुझ्याकडे बोट दाखवत होते. मग तूच बोललीस. तुझ्या बापाचं नाव, आजाचं नाव, कोणाच्या होडीवर कोण होतं, कोणत्या विहिरीचं पाणी खारं होतं. बुरख्याआडून तू तासभर तरी बोलली असशील, आणि तो दाढीवाला हाकीम मध्ये मध्ये "सहीह, सहीह", खरं आहे, खरं आहे, म्हणत पुढे झुकत गेला. शेवटी तो म्हणाला, तुझ्या बापाला मी ओळखत होतो, त्याच्या हातचा मार खाल्लाय मी. सगळे हसले. माझ्याकडे बोट दाखवून त्याने तुला विचारलं, याच्याकडे हिंदचा पासपोर्ट आहे, त्याचं काय?

"तो याच्या बापाचा," तू म्हणालीस. "हा माझा."

एवढं वाक्य मला कुणी समजावून न देता कळलं. आपल्या दोघांना तिथला पासपोर्ट मिळाला.

भारताचा कायदा एका माणसाला दोन देश देत नाही, हे मला पेढीतल्या कारकुनीमुळे चांगलं माहीत होतं. तरी मी दोन्ही पासपोर्ट पुष्कळ दिवस पेटीत एकावर एक ठेवले होते. रात्री काढून बघायचो. दोन्हींत फोटो एकच, आणि दोन्हींतला माणूस मला अनोळखी. तुझं तसं नव्हतं. तू तुझा भारताचा पासपोर्ट दिवाणातून आलो त्याच संध्याकाळी माझ्या हातात ठेवलास, शेजारणीचं भांडं घासून परत करावं तसा, आणि म्हणालीस, "हे चाचाला देऊन टाक. मी येत नाही."

मी समजावलं. गावाला घर आहे, लेक आहे, उद्या तिला पोरंबाळं होतील. तू म्हणालीस, ती येईल मला भेटायला, मामूचं घर सगळ्यांना पुरेल. मी मराठीत बोलत होतो आणि तू अरबीत उत्तर देत होतीस, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. मी म्हटलं, अम्मी, मला एवढं येत नाही, मराठीत सांग. तू सावकाश, मला कळेल अशा सोप्या शब्दांत, पण अरबीतच म्हणालीस, "इतकी वर्षं मी तुमची भाषा बोलले. आता तुम्ही माझी बोला. खलास."

त्यानंतर तू माझ्याशी मराठीचा एक शब्द बोलली नाहीस. शेवटच्या आजारातही नाही. मी शिकलो, नाइलाजाने. तुझ्या पासपोर्टमुळे मला इथे दुकान काढता आलं, पुढे सगळ्या अमिराती मिळून एक देश झाला तेव्हा त्या देशाचा होता आलं. आज मी माझ्या लेकीकडे, अल रीम बेटावरच्या उंच इमारतीत, बसून हे लिहितोय. नातीशी मी मराठीत बोललो की ती इंग्रजीत उत्तर देते, आणि तिची आई मला म्हणते, अब्बा, तिला जरा रागवा ना. मी रागवत नाही.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. तुला मराठी वाचता येत नव्हती, आणि कुणी वाचून दाखवली असती तर तू मान फिरवली असतीस. गावाला लोक अजून मला विचारतात, अम्मी तिकडेच राहिली याचं वाईट वाटलं असेल. मी हो म्हणतो. खरं सांगायचं तर, लाँचवरून उतरून त्या हमालाला शिव्या देणारी बाई मला चुलीपाशी बसणाऱ्या अम्मीपेक्षा जास्त आवडली होती. ती परत गावाला जाऊ नये, असं मलाही वाटत होतं. तू ठाम नाही म्हणेपर्यंत मी तोंडदेखला आग्रह करत राहिलो, एवढंच.