पुलापलीकडचं कोल्दिरावा

कासेल, २३ मार्च

ती. ओत्ताविया ताईस,
धाकट्या सिल्वानोचा सा. न. वि. वि.

नीट पोचलो. आइस्क्रीमचं दुकान उघडलं. दोन दिवस चांगलं ऊन पडलं, त्यामुळे गर्दी आहे. पण ऊटे म्हणते की मी गिऱ्हाइकांकडे असा बघतो, जणू त्यांनी माझी जमीन लाटली आहे. बायको जर्मन असली तरी टोमणे आपल्याकडचेच मारते.

सेल्सोदाजींना माती दिल्यावर मी कुणाशी न बोलता निघालो, त्याचा राग धरू नकोस. तोंड उघडलं असतं तर बाबांच्या अंगावर धावून गेलो असतो. माझ्या डोळ्यांपुढून ते जात नाही. दाजींच्या छातीत कळ येते, तू फोन करतेस, आणि खालून निघालेली रुग्णवाहिका पुलापाशी अडते. का? तर वाल्फोंदाची बर्फ काढायची गाडी पुलापर्यंतच येते आणि तिथून वळते. पुढची हद्द आपल्या कोल्दिरावा पालिकेची, आणि आपली गाडी महिनाभर दुरुस्तीला पडलेली. दोन्ही गावांत मिळून एक गाडी ठेवू, असं वाल्फोंदावाले स्वतः विचारायला आले होते. नगराध्यक्ष बोर्तोलो यांनी, म्हणजे आपल्या तीर्थरूपांनी, त्यांना दारातून परत पाठवलं. आज गाडी मागाल, उद्या गाव मागाल, असं म्हणाले होते म्हणे.

तू लेकीला, इरिसला घेऊन इकडे ये. वरची खोली मोकळी आहे. बाबा त्या घरात आहेत तोवर मी उंबरा चढणार नाही.

ताई, लोभ तुझा आहेच. आता थोडं स्वतःकडेही बघ.

तुझा,
सिल्वानो

---

कोल्दिरावा, ११ मे

चि. सिल्वानोस,
ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून कोंबडीने अंगण उकरल्यासारखंच आहे, पण लागलं. फोनवर मी धड बोलत नाही अशी तुझी तक्रार असते. फोन स्वयंपाकघरात आणि बाबांची खुर्चीही तिथेच, म्हणून लिहिते.

इकडे वर अजून रानात बर्फाची ठिगळं आहेत. शाळा आता बंदच होणार. इरिस आणि सुताराची जुळी, एवढ्यांसाठी कोण मास्तरीण ठेवणार? बेल्लुनोहून जिल्ह्याची माणसं येऊन गेली. आपली पालिका वाल्फोंदात विलीन करायची की नाही, यावर ऑक्टोबरमध्ये कौल घेणार आहेत. बाबा या वयात घरोघर फिरून 'नको'वर फुली मारा म्हणून सांगतात. धूर निघणारी घरंच किती उरलीत, एका दुपारी फिरून होतं.

बाबांनी अजून एकदाही यांचं नाव घेतलेलं नाही. मी मक्याच्या पिठाचा पोलेंता करते, चीज तळते, ताट पुढे ठेवते. ते जेवतात आणि ताट स्वतः धुतात. पूर्वी कधी धुतलं नव्हतं. तू विचारशील, तुला राग येत नाही का? येतो रे. पण त्यांना वाढणार कोण?

तुझं नाव इथल्या मतदार यादीत आहे, मताला ये, असा त्यांचा निरोप आहे. मी फक्त कळवते.

ऊटेला आशीर्वाद. माया आहे ती अशीच राहू दे, आणि गिऱ्हाइकांशी जरा हसत जा.

ताई

---

कासेल, १४ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दुकान आठवडाभर आधी बंद करून मताला येतो. बाबांना खुशाल सांग. 'हो'वर फुली मारणार आहे, आणि का मारली तेही त्यांच्या तोंडावर सांगणार आहे. घरी उतरणार नाही. खाली वाल्फोंदात खोली घेतो.

तू मध्ये पडू नकोस. एवढं एक माझं ऐक.

तुझाच,
सिल्वानो

---

कोल्दिरावा, ९ नोव्हेंबर

चि. सिल्वानोस,
अ. उ. आ.

तू गेल्यापासून हे पत्र मनात लिहिते आहे.

तू बारमध्ये सगळ्यांदेखत बाबांना म्हणालास, की दाजींना हृदयाने नाही, तुमच्या ताठ्याने मारलं. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. जे मी माझ्याच घरात बोलू शकले नाही ते कुणीतरी बोललं. बाबांनी टोपी घातली आणि घरी आले, हे मात्र तू पाहायला थांबला नाहीस.

आता जे बाबांनी मला बोलू नकोस म्हणून बजावलं होतं, ते सांगते. त्या दिवशी यांना धाप लागली तेव्हा बाबा फावडं घेऊन बाहेर पळाले. मी यांच्यापाशी होते, मला कळलंही नाही. रुग्णवाहिकेची माणसं शेवटी पायीच वर आली, तेव्हा पुलाच्या आपल्या बाजूला बाबा एकटे बर्फ उपसत होते. ऐंशीला टेकलेला माणूस. अंगणाएवढी जागासुद्धा मोकळी झाली नव्हती. हातातलं फावडं ओढून काढावं लागलं, असं त्यातला एक जण मला म्हणाला. तोवर इथे सगळं आटोपलं होतं.

तुला सांगते म्हटलं तर बाबा म्हणाले, त्याला रागावू दे, रागावण्यासारखंच आहे.

कौल 'हो'चा लागला. गावाच्या पाटीवर आता वाल्फोंदाचं नाव येईल. बाबांनी नगराध्यक्षाचा तिरंगी पट्टा घडी घालून स्वतः खाली नेऊन दिला. घरी आले आणि बूटही न काढता बसून राहिले.

त्यांना माफ कर असं मी म्हणत नाही. मलाच जमलेलं नाही. पण दोन ओळी लिही.

तुझ्यावर जीव आहेच, तो रागातही असतो.

ताई

---

कासेल, १६ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

ताईने सगळं लिहिलं. तिच्यावर चिडू नका. काय लिहावं ते कळत नाही. बारमध्ये जे बोललो ते परत घेता येत नाही, आणि सगळंच परत घ्यावंसंही वाटत नाही. पण नाताळला घरी येतो. घरीच उतरतो. लाकडं फोडून ठेवू नका, मी फोडीन.

आपला,
सिल्वानो

---

कोल्दिरावा, २३ नोव्हेंबर

चि. सिल्वानो,
तुझ्या बापाचे आशीर्वाद.

पत्र लिहायची मला सवय नाही, ती तुझ्या आईला होती.

तू बारमध्ये बोललास ते खरं होतं. बर्फ उपसला म्हणून काही भरून निघत नाही. मी कौलात 'नको'वरच फुली मारली. तुझ्याशी खोटं बोलणार नाही. या गावाचा मी जन्मभर नुसता अभिमान बाळगला. गावात माणसंही जगवायची असतात, हे माझ्या लक्षात राहिलं नाही.

माझ्यासाठी नाताळला येऊ नकोस, ताईसाठी ये. सेल्सो गेल्यापासून ती रडलेली नाही. भिंतीपलीकडे मी असतो ना, मला ऐकू जाईल म्हणून रडत नाही. एका घरात राहून मी तिचं रडणंसुद्धा अडवून ठेवलंय. तिला आणि इरिसला तुझ्याकडे घेऊन जा. तिकडे शाळा आहे, मैत्रिणी मिळतील.

ती म्हणेल, बाबांना एकटं टाकून कशी येऊ. मी म्हणेन, शेजारी आहेत. शेजारी कोण उरलेत ते तुला ठाऊक आहे, पण तू मान डोलाव.

लोभ असू द्यावा म्हणायला मला तोंड नाही. तिच्यावर असू दे.

बोर्तोलो