लाल चावी आणि एक्केचाळीस रकाने

३ मार्च, मंगळवार
जुन्या लॅपटॉपने आज तीनदा मान टाकली. पडद्यावर हिरव्या रेघा. चार थपडा खाल्ल्यावर सुरू झाला. हिच्या एम्ब्रॉयडरी मशीनचं सगळं काम त्याच्यावर. हॉस्पिटलची चारशे कोटांची ऑर्डर आली आहे, खिशावर लोगो भरायचा, चोवीस तारखेला पोचवायचे. वेळेत दिले तर वर्षभराचं काम हिचं. नाही तर परत त्या शिलाई कारखान्यात. ही म्हणते, तिथे उभं राहण्यापेक्षा मी सुया गिळेन.
नवा लॅपटॉप घ्यायलाच हवा. जबाबदारी मी घेतली. कुणी दिली नव्हती, पण घरात तांत्रिक डोकं एकच. ऑफिसात प्रिंटर अडला की सगळे मलाच हाक मारतात.
संकल्प : शुक्रवारपर्यंत निर्णय. खरा प्रश्न ऑपरेटिंग सिस्टमचा आहे. विंडोज, मॅक की लिनक्स? सामान्य माणूस इथेच फसतो.
लाल चावी आणि पेनड्राइव्हबद्दल ही काहीतरी सांगत होती. नंतर ऐकू.

५ मार्च, गुरुवार
तक्ता तयार. तीन सिस्टम, एक्केचाळीस रकाने. सुरक्षितता, वेग, भविष्य, स्वातंत्र्य वगैरे. हिला दाखवला. म्हणाली, छान आहे, पण माझं मशीन यात कुठे आहे? म्हटलं, हा तक्ता तत्त्वाचा आहे.
संध्याकाळी साडूचा फोन. म्हणाला, दादा, ताईंचं आत्ता विंडोजवर चालतंय ना, मग तेच घ्या आणि मोकळे व्हा. याच माणसाने मागे टोस्टर घेताना सल्ला दिला होता. टोस्टर अजून चालतो, पण मुद्दा तो नाही. प्रत्येक वेळी यानेच का सांगायचं?
विंडोज बाद.

६ मार्च, शुक्रवार
निर्णय झाला नाही. शुक्रवार म्हणजे हाच शुक्रवार असं मी म्हटलेलं नाही.

८ मार्च, रविवार
दुकानात गेलो, हीसुद्धा होती. विक्रेत्याने विचारलं, काम काय करणार? हिने पर्स उघडली, आत हात घातला. मी तिला थांबवलं आणि विक्रेत्याला म्हटलं, सगळंच. मग ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यावर, म्हणजे कर्नलवर, अर्धा तास बोललो. तो दोनदा पाणी पिऊन आला. काही न घेता परतलो. वाटभर ही माझ्या चार पावलं पुढे चालली. पटलं असावं.

११ मार्च, बुधवार, सकाळी ७
जुना लॅपटॉप गेला. थपडा, विनवण्या, कशालाच दाद नाही. तेरा दिवस उरले. चारशे कोट पुढच्या खोलीत भिंतीला लावून, चालायला जागा नाही. मशीन बंद. ते बंद असलं की घरात एवढी शांतता होते हे माहीत नव्हतं.
हिने एवढंच विचारलं, आज आणताय ना?

१२ मार्च, गुरुवार
आणला! कुठलीच सिस्टम नसलेला, कोरा करकरीत. लिनक्स मी स्वतः टाकलं. त्यासाठी एक पेनड्राइव्ह लागतो. हिच्या ड्रॉवरमध्ये निळा मिळाला, लाल दोरा बांधलेला. यातलं सगळं पुसलं जाईल, चालेल का, असं पडद्यावर विचारलं. चालेल म्हटलं. मोठ्या कामात कचरायचं नसतं.
चाळीस मिनिटांत काम फत्ते. साडूला मुद्दाम फोन केला. त्याने विचारलं, ताईंचं सॉफ्टवेअर चालतं का त्यावर? म्हटलं, स्वातंत्र्यावर सगळं चालतं. बरं म्हणून त्याने फोन ठेवला. जळला.

१४ मार्च, शनिवार
हिने लाल चावी आणली. चावी म्हणजे कुलपाची नव्हे, लॅपटॉपला लावायची बोटभर वस्तू. ती लावल्याशिवाय डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडत नाही. इथे लावूनही उघडलं नाही. इंटरनेटवर कुणीतरी चौदा आज्ञा दिल्या होत्या, सगळ्या टाइप केल्या. सॉफ्टवेअर क्षणभर दिसलं आणि नाहीसं झालं. म्हणजे दिशा बरोबर आहे.
दुपारी हिने विचारलं, माझा निळा पेनड्राइव्ह पाहिलात का हो? जुन्या लॅपटॉपात जागा उरली नव्हती, म्हणून सगळी डिझाइनं त्यात हलवली आहेत. हॉस्पिटलचा लोगोसुद्धा.
म्हटलं, असेल इथेच.


१५ मार्च, रविवार
पेनड्राइव्ह उघडून पाहिला. आत डिझाइनं नाहीत, लिनक्स आहे. उत्तम लिनक्स आहे. पुसलेलं परत आणणारा प्रोग्रॅम चालवला. सात फायली आल्या, एकही उघडत नाही.
संकल्प : उद्या सांगायचं. शांत शब्दांत, तांत्रिक बाजू समजावून.

१६ मार्च, सोमवार
उद्या.

१७ मार्च, मंगळवार
हिला वाटलं, घड्या घालताना पेनड्राइव्ह एखाद्या कोटाच्या खिशात पडला. चारशे कोट, प्रत्येकाला तीन खिसे. ऑफिसला जाऊ नका, मदत करा म्हणाली. रजा टाकली. ती त्या भिंतीकडून, मी या भिंतीकडून. एकेक खिसा उलटा करून पाहत होतो, आणि पेनड्राइव्ह माझ्या शर्टाच्या खिशात होता. मधेच ती म्हणाली, तुम्ही आहात म्हणून बरं. मला धरणी दुभंगावी असं झालं.
एकशे सतराव्या कोटाशी वाकलो आणि पेनड्राइव्ह टप्पकन फरशीवर पडला.
तिने झडप घालून उचलला. सापडला सापडला करत हसायला लागली, डोळ्यांत पाणी. ते हसणं मला बघवेना. सांगून टाकलं. तांत्रिक बाजू समजावली नाही.
तिने विचारलं, सगळं?
म्हटलं, सगळं.
दोनशे बारा डिझाइनं होती. लेकीच्या पहिल्या फ्रॉकवरचं बदक त्यातच होतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने लोगो भरलेला नमुन्याचा एक कोट घेतला, लाल चावी घेतली, चपला घातल्या आणि बहिणीकडे गेली.

१८ मार्च, बुधवार
परत आली, साडूचा जुना लॅपटॉप घेऊन. मशीनच्या मेकॅनिकने त्यात सॉफ्टवेअर टाकून दिलं, वीस मिनिटांत. लोगो ही नमुन्यावरून नव्याने काढते आहे, टाका टाका मोजून. मी चहा केला. तिने घेतला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

२१ मार्च, शनिवार
मशीन पहाटेपासून धडधडतं आहे. मला दोरे कापायचं काम दिलं आहे. फक्त कापायचे, कुठले कापायचे ते ती सांगते. दोनशे साठ झाले. तीन दिवस उरले. तिची बोटं सुजली आहेत.

२४ मार्च, मंगळवार
शेवटचा कोट दुपारी दोनला उतरला. साडू गाडी घेऊन आला होता. त्याने टोमणा मारला नाही. मारायला हवा होता. चारशेच्या चारशे पोचले. हॉस्पिटलच्या मेट्रनने भिंग लावून पाहिले आणि वर्षाचं काम दिलं. जिना उतरताना ही रडली. मीही रडलो, पण तिच्या मागच्या पायरीवर.

२६ मार्च, गुरुवार
नवा लॅपटॉप घेऊन ही दुकानात गेली. मला पिशवी धरायला नेलं. तोच विक्रेता. मला पाहून आधीच पाणी पिऊन आला. त्याने विचारलं, काम काय करणार? हिने पर्समधून लाल चावी काढून काउंटरवर ठेवली. म्हणाली, ही चालली पाहिजे.
चार मिनिटांत ठरलं, याच लॅपटॉपवर विंडोज. मी स्टुलावर बसून होतो.
येताना म्हटलं, अगं, चावीचं आधी सांगितलं असतंस तर? म्हणाली, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. चावी विंडोजवरच चालते, आणि पेनड्राइव्हला हात लावू नका. दोन्ही.
म्हटलं, शक्यच नाही. माझी रोजनिशी आहे, मी सगळं लिहून ठेवतो.
घरी येऊन ३ मार्चचं पान काढलं. शेवटची ओळ माझ्याच अक्षरात आहे : नंतर ऐकू.