हाताने ओतलेल्या काचा

१ नोव्हेंबर १९०८, जुन्नर

आलो एकदाचा जुन्नरला! नारायणगावापासून टांग्याने हाडे खिळखिळी केली, पण कॅमेऱ्याची पेटी मांडीवर होती, तिला ओरखडा नाही. सौ. म्हणते, इतक्या जपणुकीने मला आजवर कोणी टांग्यातून उतरवले नाही. उद्यापासून शाळेत चित्रकलेचा मास्तर. बिऱ्हाड केवलचंद शेठजींच्या घरी, खालच्या दोन खोल्यांत. वर माडीवर शेठजी आणि धापूबाई. मूळचे मारवाडातले, पण मराठी माझ्याहून ठसकेबाज. मागे धान्याची बिनखिडकीची खोली रिकामी पडली आहे. ती पाहून मी नाचायचाच बाकी राहिलो. फोटो घरी धुवायला याहून झकास अंधारखोली राजेरजवाड्यांकडेही नसेल.

८ नोव्हेंबर

पहिली काच आज धुतली आणि पार वाया घालवली. कंदिलाला लाल कापड गुंडाळले, तीन थाळ्या मांडल्या. पहिलीत चित्र उमटवायचे औषध, दुसरीत पाणी, तिसरीत उमटलेले पक्के करणारा हायपो. उत्साहाच्या भरात मी काच आधी हायपोत बुडवली! चित्र गेले, उरली खिडकीला बसवण्याजोगी काच. सौ. हसून बेजार. दुसरी मात्र साधली. शिवनेरी उमटला, पण उलटा: आभाळ काळेकुट्ट, कडे पांढरे. कागदावर छापला की सगळे सुलट होते. शेठजींकडचे पाणी तीन वेळा गाळलेले असते, त्यामुळे काचेवर एक कण नाही. ते जीवजंतू वाचवायला गाळतात, मी फोटोसाठी वापरतो. त्यांना सांगितले तर हसले.

२३ नोव्हेंबर

विकतच्या काचा संपल्या, पुण्याहून नव्या येईनात. पुस्तकात घरी लेप करायची कृती आहे. चांदीचा क्षार जवळ आहे. हवा फक्त सरस, म्हणजे कातडे आणि खूर उकळून निघतो तो. म्हणून आज रजा काढून बेल्ह्याचा बैलबाजार गाठला. तिथल्या धर्माजी नावाच्या दलालाने चांगले मोठे कातडे आणि चार खूर काढून दिले, तेही स्वस्तात. बैल अवसरीचा, त्याने धन्यालाच गोठ्यात भोसकून मारले. अशा बैलाला इकडे सोलत नाहीत, कातड्यासकट पुरतात आणि वर मीठ घालतात. धर्माजीने पहाटे जाऊन उकरला. "लई मारका व्हता, मास्तर. पन कुनाला बोलू नका, गावात ऱ्हाऊ देनार न्हाईत." मी म्हटले, काचेला कसले आले आहे मारकेपण! त्याचा फोटो काढून द्यायचे कबूल केले.

२९ नोव्हेंबर

कातडे गावाबाहेर उकळले. तरी कपड्यांना वास राहिलाच. धापूबाईंनी विचारले तेव्हा कणकेची खळ केली म्हणून सांगितले. हाडकातड्याचे नाव त्या घरात काढायची माझी छाती नाही. शेठजींसारख्या माणसाच्या घरी खोटे बोललो, वाईट वाटले. पण लेप काय सुरेख बसला! चार काचा झाल्या. एका चपट्या लाकडी डबीत दोन्ही अंगांनी एकेक काच बसते. पहिल्या डबीत धर्माजी आणि शेठजी यांचे फोटो घेतले. दुसरीत एका अंगाला सौ., दुसरे अंग कोरे.

६ डिसेंबर

दुपारी दोनला धर्माजीची काच धुतली. मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा! फक्त त्याच्यामागे एक मोठा पांढरा डाग आला आहे. काचेवर पांढरे म्हणजे खरे काळे. तिथे तर चुन्याची भिंत होती. वाळताना काच तडकलीही, बरोबर कमरेवरून. लेपात काहीतरी चुकले.

८ डिसेंबर

टांगेवाला कुंडलिक सांगत आला. धर्माजी गेला. परवा, दुपारी दोनला, स्वतःच्या अंगणात. बैलाने मारला म्हणतात, पण त्या वेळी त्याच्या दारात एकही बैल नव्हता. "कंबरंपास्नं दोन तुकडं, मास्तर. आन् अंगनात नुसती खुरं उमटल्याली."  

१३ डिसेंबर

मी शिकलेला माणूस. असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायचा नाही, असे बजावून शेठजींची काच धुवायला घेतली. ते रोज विचारत होते. डाग उमटला, पहिल्यापेक्षा जवळ, आणि त्याला शिंगे होती. तेवढ्यात डोक्यावरची तक्तपोशी दणाणली.

जिना इतका अरुंद की एका वेळी एकच माणूस चढतो. शेठजी सामायिकाला, म्हणजे जैनांच्या ध्यानाला, बसले होते. पोट फाडून त्यांना तुळईपर्यंत उचलले होते आणि आतडी तिथेच लोंबत राहिली. भिंतीवर खुरांनी उडालेले टवके. धापूबाई खाली सांडलेले पदराने गोळा करून पुन्हा त्यांच्या पोटात घालत होत्या. रडत नव्हत्या. मुंगीवर पाय पडेल म्हणून खाली बघून चालणारा माणूस.

मी मारले त्यांना. माझ्या हातांनी.

१६ डिसेंबर

सौ.ची काच डबीत आहे. फोडता येत नाही. धर्माजीची तडकली, तसा तो तुटला. लेप खरवडला तर काय होईल, मनातसुद्धा आणवत नाही. धुवायची नाही, एवढे पुरे होते. पण आज पुस्तकात वाचले: हाताने केलेला लेप फार टिकत नाही, थोड्या आठवड्यांत आपोआप काळवंडतो. म्हणजे न धुताही तो बैल येणारच. तिला पुण्याला धाडू? जो जिना चढला त्याला पुणे काय लांब?

माझी बायको स्वयंपाकघरात गुणगुणते आहे. मला फार भीती वाटते.

१९ डिसेंबर

ठरले. कोऱ्या अंगाच्या काचेवर माझाच फोटो घेतला. सौ.ने भिंगाचे टोपण काढले, चार मोजले. कुऱ्हाड घेऊन बसलो म्हणून चेष्टा केली. उद्या माझी काच धुईन. तो माझ्याकडे येईल. डोके फोडीन त्याचे — नाही जमले तर निदान तिच्याआधी मी —

तिला काही सांगितले नाही.

२० डिसेंबर, दुपार

अंधारखोलीत. कुऱ्हाड मांडीवर. दार बाहेर उघडते, नीट बसत नाही, उजेड येतो. म्हणून सौ. बाहेरून पाठ लावून उभी आहे. नको म्हटले. ऐकत नाही.

डबी उघडली. काच थाळीत सोडली. लिहीत राहिलो की वेळ मोजता येतो.

एक मिनिट. उजळ भाग आधी उमटतात. माझा पांढरा सदरा आधी यायला हवा —

मागे डाग. काच भरून. डोळे दिसतात —

सदरा नाही. बारीक काळे ठिपके. मोती —

नथ.

अंग चुकले. डबीचे अंग चुकले. तिची काच —

पळ म्हणून ओरडलो. ती हसते आहे. म्हणते, दार सोडले तर फोटो जाईल —

ओसरीवर खूर.

दार ढकलतो. तिचा भार. हलत नाही —

फळीतून शिंग आले. माझ्या छातीच्या उंचीवर. ओले आहे. लाल उजेडात रक्त पाण्यासारखे दिसते. हसणे थांबले. दार आता आपोआप उघडते आहे आणि ती अजून दाराला खिळलेली