अर्थिंगच्या बोल्टखालचा रंग

आप्पा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. निपाणीतलं आपलं गॅरेज मी चालवते, बरं चालवते असं लोक म्हणतात. आज सकाळी मात्र माझी मलाच लाज वाटली. शाळेच्या व्हॅनचं इंजिन मीच उघडून बसवलं होतं, बॉडीला नवा रंगही मारून दिला होता. आठच्या सुमाराला ड्रायव्हरमामांचा फोन आला. “आक्का, टेंपरेचरचा काटा लालमधी गेलाय. पोरं हायती गाडीत.” मी हातातला चहासुद्धा खाली ठेवला नाही. “काटाच खोटं दावतोय मामा, चालवा खुशाल,” म्हणाले.

फोन ठेवला आणि मग मनात आलं, पाणी खरंच गळून गेलं असलं तर? हायवेवर, एवढ्या धुक्यात, मागून ट्रक येत असताना इंजिन जाम झालं तर? परत फोन लावला, मामा उचलेनात. गाडी चालवताना ते फोन घेत नाहीत. मी स्कूटी काढली. शिकत होते तेव्हा एका जीपचं बॉनेटही न उघडता मी ‘मीटर बिघडलाय’ म्हटलं होतं, आणि तुम्ही गिऱ्हाइकासमोर मला झापलं होतं. “आधी रेडिएटरच्या पाइपाला हात लावून बघ, मग काट्याला खोटं म्हण. त्याला तोंड न्हाय म्हणून काय बी बोलायचं व्हय गं?” तेव्हा तुमचा लई राग आला होता. आज वाटभर तेच ऐकू येत होतं आणि व्हॅन काही दिसत नव्हती.

कोगनोळीच्या अलीकडे ती गाठली, हात करून थांबवली. पाइपाला हात लावला. रोजच्याइतकाच गरम, पाणीही काठोकाठ. मग लक्षात आलं, डिझेलचा काटासुद्धा वर चढलाय. धुक्यासाठी लावलेले लाइट बंद केले आणि दोन्ही काटे खाली आले. मीटरच्या अर्थिंगची वायर मी नव्या रंगावरच आवळली होती. रंगामुळे तिची पत्र्याशी नीट जोड बसली नव्हती, म्हणून लाइट लावले की काटे खोटेच चढत होते. तुम्ही पत्रा चमकेपर्यंत खरवडायचात, मला घाई होती. तिथंच रंग खरवडला, बोल्ट आवळला, लाइट लावले. काटे हलले नाहीत.

“काय झालतं गं?” मामांनी विचारलं.

“वायरिंग जुनं हाय मामा. आप्पांच्या हातचं.”

“आप्पांच्या हातचं? मग माझंच कायतरी चुकलं आसंल,” म्हणत मामा गाडीत बसले. मी स्कूटी परत वळवली.

हे पत्र कुठं जाणार नाही, मला ठाऊक आहे. मामांचं घर इथून दोन गल्ल्या पलीकडे आहे. तिथं जाऊन खरं सांगायचा धीर होईना, म्हणून तुम्हाला लिहिलं.