राजानं खाली ठेवलेली तलवार

माय, आज तुझी आठवण एका तलवारीमुळे निघाली. तू गेलीस तेव्हा मी वर्तमानपत्राच्या कचेरीत लोकांच्या बातम्या नीट करायचे. ती नोकरी संपली, आणि आता मी वसमतला घरी बसून जादूच्या, राजाराण्यांच्या कादंबऱ्या लिहिते. सगळी राज्यं मनातली. तुला सांगितलं असतं तर तू आधी विचारलं असतंस, त्या राज्यात हळद येती का. तर त्या राज्यातल्या राजाची एक तलवार आहे, तिचं नाव मानिनी. राजानं ती रागात उपसली की तिची धार जाते, आणि त्याचा राग उतरेपर्यंत ती साधी दोरीही कापत नाही. तीन भाग लिहून झाले, त्यातले दोन छापून आलेत. वाचकांची पत्रं येतात ती मानिनीबद्दल. राजाची चौकशी फारसं कुणी करत नाही.

तिसऱ्या भागाच्या शेवटी म्हातारा राजा ती तलवार लेकीला देतो. मी लिहिलं, की तो ती जमिनीवर ठेवतो, मागे सरतो, आणि लेक वाकून उचलते. लिहिताना त्यात काही वेगळं आहे असं मला वाटलं नव्हतं. आज सकाळी पुण्याहून संपादकाचा फोन आला. तरुण आहे, कामाला चोख. म्हणाला, "ताई, राजानं तलवार खाली ठेवली म्हणजे तो शरण गेला, असं वाटतं हो. हातात देऊ द्या ना. मुखपृष्ठावर पण तेच चित्र आहे, दोघांचे हात एका मुठीवर." मी म्हटलं, "आमच्याकडं धारेची वस्तू हातोहात देत नाहीत." तो हसला. "आमच्याकडं म्हणजे त्या राज्यात, का हिंगोलीत?" संध्याकाळी पानं छपाईला जायची होती. तोवर काय ते ठरवून कळवते, असं सांगून मी फोन ठेवला.

ठेवल्या ठेवल्या मला आपला बांध दिसला. हळदीचा पाला पिवळा पडलाय, कापणीची सावड चालू आहे. आज साऱ्याजणी आपल्या वावरात, उद्या तू त्यांच्या. प्रत्येकीचा विळा आपापला. तू तुझ्या विळ्याला लाडी म्हणायचीस. बाभळीची मूठ, तुझ्या अंगठ्यानं एका अंगाला खोल झालेली. धार गेली की "लाडी रुसली" म्हणून दगडावर घासायला बसायचीस, आणि मध्येच कुणी वाद काढला तर हात थांबवायचीस. रागात घासली तं धार बसत न्हाई, म्हणायचीस. मानिनी तिथून आली. मुलाखतीत विचारतात तेव्हा मी दुसरंच काहीतरी सांगते.

त्या दिवशी शेजारच्या काकूंच्या विळ्याची मूठ निघाली. त्यांनी तुझ्यापुढं हात केला. "आण गं लाडीला, एवढी सरी उरकते." तू लाडी बांधावर ठेवलीस.

"घे."

"हातात द्यायला काय झालं? माही कंबर मोडून राहिली इथं."

"हातात देली की भांडण व्हतंय."

"अन् रोज करून राहिलो ते काय हाय?"

"ते बिनधारेचं हाय. धारेचं तुला झेपायचं न्हाई."

सगळ्या हसल्या. काकू कण्हत वाकल्या, उचलून घेतली, आणि परत देताना त्यांनीही ती खालीच ठेवली.

माझी दहावीची परीक्षा संपली तेव्हा पुन्हा पाला निघत होता. बाबा आदल्या दिवशी जेवताना म्हणाले होते, "चला, सावडीत आपला एक हात वाढला." सकाळी वावरात तू माझ्यापुढं बांधावर लाडी ठेवलीस आणि उभी राहिलीस. मला आनंद झाला होता, माय. मी वाकले, आणि तुझा पाय मुठीवर आला.

"उचलू नको."

"मंग ठेवली काहून?"

"तुला उचलावी वाटती का, ते पाह्यचं व्हतं."

"वाटती की."

"म्हणूनच. निकाल लागला की वसमतला कॉलेजात नाव घालू. आता पाणी आण जाय."

निकालानंतर एका सकाळी बाबाच इस्त्रीचा सदरा घालून माझ्याआधी एसटीच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले.

दुपारी मी संपादकाला कळवलं, की राजा तलवार खालीच ठेवेल. एक वाक्य मात्र वाढवलं. लेक विचारते, हातात का नाही देत? राजा म्हणतो, हातात दिली तर तुला घ्यावीच लागेल. खाली ठेवली की उचलायची का नाही ते तुझं तू बघ. संपादकाला पटलं. म्हणाला, मुखपृष्ठ बदलून घेतो. पण हे तुझं म्हणणं नव्हतं, हे मला माहीत आहे. तू भांडणाचं सांगायचीस. आणि राजाच्या जागी तू असतीस तर पाय ठेवला असतास.

तुला वाचता येत नव्हतं, हे वाचून दाखवायला कुणी लागलं असतं, आणि ते काम माझंच असायचं. त्यामुळे हे पाकिटात घालत नाही. एवढंच सांगते. तुझे दिवस झाल्यावर वहिनीनं ओट्यावर लाडी आणून ठेवली. "घ्या ताई, मायची आठवण." मूठ मोकळी होती, तिच्यावर तुझा पाय नव्हता. मी वाकले आणि थांबले, बराच वेळ. मग वहिनीनंच ती उचलली; आता लाडी तिच्याकडं सोयाबीन कापते. मानिनीचं वजन मी तिन्ही भागांत लिहिलंय, ते अंदाजानं.